कोंडी : हातातला डाव निसटतो कसा?

(द्वितीय वर्ष कला)

बुद्धिबळ नव्याने शिकणाऱ्याला पहिल्या काही महिन्यांत एका गोष्टीचा फार राग येतो. समोरच्याचे हत्ती, घोडे, उंट, प्यादी सगळी मारून झालेली असतात. पटावर त्याचा एकटा राजा उरलेला असतो. आपल्याकडे वजीर असतो, एखाद दुसरे मोहरे असते आणि विजय अगदी दाराशी आलेला असतो. आपण मोठ्या ऐटीत वजीर सरकवतो, आणि समोरचा हसून म्हणतो, "कोंडी झाली. डाव बरोबरीत!" आपण पटाकडे पाहतच राहतो. यालाच इंग्रजीत स्टेलमेट म्हणतात. आपल्या जिमखान्यात कोणी स्टेलमेट म्हणते, कोणी कोंडी. मी या लेखात कोंडी हाच शब्द वापरणार आहे.

मी काही मोठा खेळाडू नव्हे. महाविद्यालयात येईपर्यंत घड्याळ लावून खेळतात हेही मला ठाऊक नव्हते. तरीही हा लेख लिहावासा वाटला, त्याला कारण आहे. मागील वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात आमच्या चौघांच्या संघातील एका मित्राकडे वजीर होता आणि प्रतिस्पर्ध्याकडे फक्त राजा. हा डाव जिंकला असता तर सामना दोन-दोन असा सुटला असता. त्याऐवजी कोंडी झाली, अर्धा गुण गेला आणि आम्ही दीड विरुद्ध अडीच असे हरलो. गुणाचे दुःख मला तितके वाटले नाही. परंतु हा मित्र त्यानंतर दोन महिने जिमखान्याकडे फिरकला नाही. "आपल्याला हा खेळ जमायचा नाही," असे त्याने ठरवून टाकले होते. वास्तविक त्याला खेळ उत्तम जमत होता. न जमलेली गोष्ट एकच होती, आणि ती एका संध्याकाळी शिकता येण्यासारखी आहे. तीच येथे सांगतो.

नियम काय आहे?

कोंडी होण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. एक, ज्याची कोंडी होते त्याचीच चाल असली पाहिजे. दोन, त्याच्या राजाला त्या क्षणी शह नसला पाहिजे. तीन, त्याच्या राजाला किंवा दुसऱ्या कोणत्याही मोहऱ्याला नियमात बसणारी एकही चाल उरलेली नसली पाहिजे. तिन्ही जुळले की डाव तिथल्या तिथे संपतो आणि दोघांना अर्धा-अर्धा गुण मिळतो.

मात आणि कोंडी यांतला फरक फक्त दुसऱ्या अटीत आहे. राजाला शह आहे आणि सुटका नाही, तर मात. शह नाही पण हलायलाही जागा नाही, तर कोंडी. पहिल्यात पूर्ण गुण, दुसऱ्यात अर्धा.

असे का व्हावे? बुद्धिबळात दोन नियम एकमेकांना छेद देतात. आपली पाळी आली की चाल करावीच लागते, "मी या वेळी खेळत नाही" असे म्हणता येत नाही. आणि राजाला शहाच्या घरात नेता येत नाही. खेळणे सक्तीचे, पण खेळायला घरच नाही, असा पेच पडला की डाव पुढे जाऊच शकत नाही. त्या अडलेल्या डावाचा निकाल म्हणजे कोंडी.

एका घराचा फरक

आता पट मांडून बसा. घरांची नावे नेहमीप्रमाणे घेऊ. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उभ्या रांगा ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच. आणि आडव्या रांगा पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८. म्हणजे पांढऱ्याच्या डाव्या हाताचा जवळचा कोपरा ए-१ आणि उजव्या हाताचा दूरचा कोपरा एच-८.

काळा राजा एच-८ या कोपऱ्यात ठेवा. पांढरा राजा दूर सी-३ वर ठेवा. पांढरा वजीर एफ-७ वर ठेवा. चाल काळ्याची आहे. कोपऱ्यातल्या राजाला शेजारची तीनच घरे असतात : जी-८, जी-७ आणि एच-७. एफ-७ वरचा वजीर आडव्या रांगेने जी-७ व एच-७ धरतो आणि तिरक्या रेषेने जी-८ धरतो. तिन्ही घरे गेली. परंतु वजिराचा शह एच-८ ला लागतो का? नाही. एफ-७ आणि एच-८ यांच्यात घोड्याच्या चालीचे अंतर आहे, आणि वजीर घोड्यासारखा चालत नाही. झाली कोंडी. वजीर जी-६ वर असता तरी हेच झाले असते.

यावरून पहिला धडा पाठ करून ठेवावा : राजा कोपऱ्यात असेल तर आपला वजीर त्याच्यापासून घोड्याच्या अंतरावर ठेवू नये. चारही कोपऱ्यांना हा नियम सारखाच लागू आहे.

आता तोच वजीर एकच घर मागे, ई-७ वर ठेवा. काय बदलले? सातवी आडवी रांग अजूनही आपल्या ताब्यात आहे. एफ-८ व ई-८ ही घरेही वजीर धरतो. परंतु जी-८ मोकळे राहिले. काळ्या राजाला एच-८ वरून जी-८ वर आणि जी-८ वरून पुन्हा एच-८ वर, एवढीच येरझार उरली. तो पिंजऱ्यातून सुटत नाही, पण त्याला हलायला एक घर आहे. ते घर आपण त्याला जाणूनबुजून दिलेले आहे.

आता वजिराला हात लावायचा नाही. राजाला चालवत आणायचे. काळा राजा जी-८ वर जाईल, आपला राजा डी-४ वर. तो एच-८ वर येईल, आपला राजा ई-५ वर. तो जी-८ वर जाईल, आपला राजा एफ-६ वर. तो एच-८ वर आला की वजीर जी-७ वर : शह आणि मात! जी-७ वरच्या वजिराला पाठीशी राजा आहे, म्हणून काळ्याला तो मारता येत नाही.

नवशिक्याच्या हातून कोंडी होते ती बहुधा येथेच. वजीर शक्तिमान आहे, म्हणून सारे काम त्याच्याकडूनच करून घ्यावे असे त्याला वाटते. परंतु पटाच्या कडेला एकट्या राजाला मात करणे एकट्या वजिराला शक्य नाही. राजाने चालत जाऊन त्याला साथ दिलीच पाहिजे. वजिराने दार लावावे आणि थांबावे. उरलेले काम राजाचे.

चार सवयी

कोंडी टाळण्यासाठी मी स्वतः चार सवयी लावून घेतल्या आहेत.

पहिली सवय सर्वांत महत्त्वाची. चाल करण्यापूर्वी मनात विचारायचे, "यानंतर हा काय खेळेल?" त्याची एक तरी चाल बोटाने दाखवता आली पाहिजे. दाखवता येत नसेल आणि आपली चाल शह देणारी नसेल, तर हात मागे घ्यायचा. अर्थात, हे मोहऱ्याला हात लावण्यापूर्वी करायचे. स्पर्धेत हात लावलेले मोहरे हलवावेच लागते.

दुसरी : ज्या चालीने शह बसतो त्या चालीने कोंडी होऊ शकत नाही. कारण कोंडीची अटच शह नसणे ही आहे. म्हणून घड्याळात वेळ थोडा उरला असेल तेव्हा शह देत देत जाणे सुरक्षित. दोन हत्तींनी एकामागून एक रांग तोडत राजाला कडेला नेण्याची रीत नवशिक्याला लवकर शिकवतात, ती यासाठीच. तिच्यात जवळजवळ प्रत्येक चालीला शह असतो. मात्र उगाच शह देत राहिल्याने मात होत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

तिसरी : समोरच्याचे शेवटचे प्यादे घाईने मारू नये. त्याचे एखादे प्यादे हलू शकत असेल तर कोंडी होतच नाही, कारण राजाला घर नसले तरी प्याद्याला चाल असते. मघाच्या पटात काळ्याचे एक प्यादे ए-७ वर असते, तर एफ-७ वरचा वजीरही चालला असता. मात्र ते प्यादे आपल्या प्याद्याला अडून जागीच खिळलेले असेल, तर ते असून नसल्यासारखे. आणि मोकळे प्यादे वजीर होण्याच्या जवळ पोचत असेल तर त्याला सोडणेही धोक्याचे. प्रत्येक वेळी घरे मोजावी.

चौथी : गरजेपेक्षा जास्त वजीर करू नयेत. समोरच्याला चिडवण्यासाठी तीन-तीन वजीर करणारे खेळाडू आपल्याकडे आहेत, मोबाइलवर तर फारच. वजीर वाढले की प्रत्येक चालीला समोरच्याची नवी घरे जातात, आणि कोणते घर केव्हा गेले याचा हिशेब राहत नाही.

आबांचा आक्षेप

दिवाळीच्या सुट्टीत हा नियम मी घरी आबांना, म्हणजे वडिलांना, सांगितला. आबा बाजार समितीत हमाली करतात. शाळा त्यांनी चौथीत सोडली, परंतु बुद्धिबळ त्यांचे माझ्याहून पक्के आहे. ते देशी पद्धतीने खेळतात : प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर चालते, आणि राजाला शह बसण्यापूर्वी एकदा घोड्याची अडीच घरांची चाल घेता येते. एकटा राजा उरला की त्यांच्याकडे त्याला बुर्जी म्हणतात, आणि प्याद्याने केलेल्या मातीला सर्वांत जास्त मान.

आबा म्हणाले, "आरं, राजाला हलायला जागा न्हाई, सैन्य समदं मेलं, आन् तू म्हणतोस बरोबरी? मग लढाई करायची कशाला?"

मला लगेच उत्तर देता आले नाही. पुस्तकात तसे लिहिले आहे, एवढे सांगून आबांचे समाधान होण्यासारखे नव्हते. आणि खरे म्हणजे माझेही झाले नाही. परत आल्यावर मी ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा कळले की आबांचा प्रश्न फार जुना आहे.

आपल्या देशातून हा खेळ इराणात गेला आणि तेथून अरबांकडे. त्यांच्या शतरंजमध्ये कोंडी करणारा जिंकत असे. म्हणजे आबांचे म्हणणे एके काळी नियमच होते. याच्या अगदी उलट प्रकार इंग्लंडात झाला. आर्थर सॉल याने १६१४ साली इंग्रजीत बुद्धिबळावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कोंडी करणारा हरतो असा नियम दिला आहे! जिंकत आलेला डाव ज्याला नीट संपवता आला नाही त्याला ही शिक्षाच होती. तेथे हा नियम पुढे बराच काळ चालला. एकोणिसाव्या शतकात मात्र बरोबरीचा नियम सर्वत्र स्थिरावला. तरीही वाद संपला नाही. १८९४ ते १९२१ असा सत्तावीस वर्षे जगज्जेता असलेल्या इमॅन्युएल लास्करचे मत असे होते, की कोंडी करणाऱ्याला बरोबरीपेक्षा काही अधिक मिळावे.

संक्रांतीला घरी गेलो तेव्हा हे सारे आबांना सांगितले. जगज्जेता आपल्या बाजूचा आहे हे ऐकून त्यांना बरे वाटले. मग मी त्यांच्यासमोर पट मांडला आणि माझी बाजू मांडली. ती बाजू अशी.

दुबळ्याचा आधार

बरोबरीचा नियम नसता तर एका प्याद्याने पुढे असणारा खेळाडू बहुतेक वेळा जिंकलाच असता. राजा आणि एक प्यादे विरुद्ध एकटा राजा, या शेवटात मागे पडलेल्याला जी काही आशा असते ती पुष्कळदा कोंडीवरच उभी असते.

पांढरा राजा डी-६, पांढरे प्यादे ई-६, काळा राजा डी-८, चाल पांढऱ्याची. प्यादे ई-७ वर गेले की काळ्याला शह बसतो. काळा राजा ई-८ वर, प्याद्याच्या पुढ्यात, येऊन उभा राहतो. आता प्यादे राखायचे तर पांढऱ्या राजाला ई-६ वर जावे लागते. आणि तो तेथे गेला की कोंडी! डी-८ व एफ-८ प्याद्याने धरलेली, डी-७ व एफ-७ राजाने धरलेली, आणि ई-७ वरच्या प्याद्याला राजाचे संरक्षण. राजा ई-६ वर न नेता दुसरीकडे नेला तर प्यादे मारले जाते. दोन्हीकडून डाव बरोबरीतच.

आता एकच बदल करा. काळा राजा डी-८ ऐवजी ई-८ वर ठेवा, चाल पांढऱ्याचीच. प्यादे ई-७ वर गेले, पण शह बसला नाही. काळ्याला एफ-७ हे एकच घर उरते. तो तेथे गेला की पांढरा राजा डी-७ वर येतो आणि पुढच्या चालीला वजीर होतो. म्हणून अशा मांडणीत जुने खेळाडू सांगतात : प्यादे सातव्या रांगेत शह देत शिरले तर बरोबरी, शांतपणे शिरले तर विजय.

हे पाहिल्यावर आबा बराच वेळ पटाकडे बघत बसले. एकटा राजा योग्य घर धरून उभा राहिला की प्यादे आणि राजा मिळूनही त्याला हलवू शकत नाहीत, ही गोष्ट त्यांना पटली. "म्हंजे हरणाऱ्यानं बी डोकं चालवायचं," असे म्हणून त्यांनी मोहरी पुन्हा मांडायला घेतली. नियम त्यांनी मान्य केला असे मी म्हणणार नाही; परंतु आता आम्ही दोघे खेळताना कोंडी झाली की बरोबरी धरतो.

वजीर नको, हत्ती हवा

कोंडीवरची एक प्रसिद्ध मांडणी सांगण्याचा मोह आवरत नाही. १८९५ साली ग्लासगो येथील एका वृत्तपत्राच्या बुद्धिबळ सदरात बार्बिए या सदरलेखकाने एक डाव बरोबरीचा म्हणून छापला. फर्नांडो साव्हेद्रा नावाच्या, तेथे राहणाऱ्या एका स्पॅनिश धर्मगुरूने त्यात विजय शोधून दाखवला.

कळीची मांडणी अशी : पांढरा राजा सी-२, प्यादे सी-७, काळा राजा ए-१, काळा हत्ती डी-४. चाल पांढऱ्याची. कोणीही प्याद्याचा वजीरच करील. परंतु मग काळा हत्ती सी-४ वर येऊन शह देतो. राजा हलवावा तर हत्ती वजीर मारतो. म्हणून वजिराने हत्ती मारावा, तर काळा राजा ए-१ वर कोंडला जातो. ए-२ वजिराकडे, बी-१ व बी-२ राजाकडे. बरोबरी.

साव्हेद्राने प्याद्याचा वजीर न करता हत्ती केला. हत्ती सी-४ घेऊन ए-२ धरू शकत नाही, म्हणून कोंडीची युक्तीच बाद झाली. शिवाय ए-८ वर जाऊन मात करण्याची धमकी आहे. ती अडवायला काळ्याला हत्ती ए-४ वर आणावा लागतो. मग पांढरा राजा बी-३ वर जातो : काळ्या हत्तीवर मारा, आणि सी-१ वर हत्ती नेऊन मातीचीही धमकी. दोन्ही एकदम अडवता येत नाहीत. कमी ताकदीचे मोहरे घेऊन जिंकण्याचे इतके सुंदर उदाहरण मी तरी दुसरे पाहिलेले नाही.

मोठ्यांचेही असेच

कोंडी फक्त आपल्यासारख्यांची होते असे मात्र नाही. १९६३-६४ च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेत लॅरी इव्हान्स हा सॅम्युएल रेशेव्हस्कीविरुद्ध हरत आला होता. त्याचा राजा आणि सारी प्यादी जागीच अडलेली होती. हलू शकत होते ते फक्त वजीर आणि हत्ती. त्याने आधी वजीर शह देऊन मारायला दिला, मग हत्तीही शह देऊन पुढे केला. हत्ती घ्यावा तर कोंडी, न घ्यावा तर तो शह देतच राहणार. रेशेव्हस्कीसारखा ग्रँडमास्टर जिंकत आलेला डाव गमावून बसला. १९७८ साली फिलिपाइन्समधील बागिओ येथे कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यातील पाचवा डाव १२४ चालींनंतर कोंडीनेच संपला.

म्हणून नवशिक्या मित्रांना सांगावेसे वाटते, की एखाद्या डावात कोंडी झाली म्हणून पट गुंडाळून ठेवू नका. ई-७ आणि एफ-७ मधला फरक समजला की निम्मे काम झाले. आणि आपण हरत असाल, तर शेवटचा राजा उरला तरी लगेच डाव सोडू नका. समोरच्याला तो डाव संपवून दाखवू द्या.

शेवटी वाचकांसाठी एक कोडे. पांढरा राजा एफ-६, पांढरे प्यादे एफ-७, काळा राजा एच-७. दुसरे काही नाही. चाल पांढऱ्याची. प्यादे एफ-८ वर जाणार हे उघड आहे. पण त्याचे काय करायचे, म्हणजे पुढच्याच चालीला मात होईल? सूचना वर येऊन गेलेली आहे. उत्तर सापडेल त्याने मधल्या सुट्टीत जिमखान्यात येऊन ते पटावर मांडून दाखवावे. पट आणि मोहरी तेथे आहेतच.